हातावर लिहिलेला नंबर

शैला, आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन धरला तो स्टँडच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहायला. नंबरात ऱ्हस्व-दीर्घ नसतं म्हणून निभावलं. तू नेहमी म्हणायचीस, "वहिनी, तू लिहून तर ठेव, मी नंतर सुधारते." आता नंतर राहिलं नाही, तेव्हा जसं येईल तसं वाच.

ही वही तुझीच आहे. पुढची पानं तुझी आहेत. चौकोन, बाण, इंग्रजी अक्षरं, मध्येच माझ्या हातचा चहाचा डाग. मागची पानं कोरी होती. तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, रद्दीत देऊ नको, पण घेऊन काय करणार ते कोणालाच माहीत नव्हतं. मग मी घेतली. तुझं शिक्षण किती, तू कधी जन्मलीस, कधी गेलीस, हे त्यांनी पेपरात दिलं आहे. त्यात तुला वहिनी होती एवढंच माझ्याबद्दल आहे. तेवढंच बरं. मला जे सांगायचं आहे ते पेपरात देण्यासारखं नाही. तुला तोंडावर सांगायला हवं होतं. दोन वर्षं तू याच खोलीत माझ्यासमोर बसलीस आणि मी सांगितलं नाही.

तुझ्या छातीची झडप लहानपणापासून खराब, म्हणून तुला लांब नोकरी नाही, लग्न नाही, जिना नाही. तू खालच्या खोलीत बसून लॅपटॉपवर लोकांच्या वेबसाइट बनवायचीस. मी धुळ्यातल्या आपल्या सायकल स्टँडवर सकाळपासून बिल्ले द्यायचे. दुपारी तुझे भाऊ स्टँड सांभाळायचे तेव्हा मी घरी येऊन भाजी निवडत तुझ्याजवळ बसायचे. मला बाहेर कोणाशी बोलता येत नाही, हे तुला माहीत होतं. तुझ्याशी मात्र बोलता यायचं, कारण तू स्क्रीनकडे बघत असायचीस.

एकदा तू वैतागून म्हणालीस, "सर्व्हरला काही म्हणजे काही आठवत नाही, वहिनी. बाईने एक पान मागितलं, त्याने दिलं, की विसरला. दुसरं मागितलं की पुन्हा विचारतो, तुम्ही कोण?"

"मग तो बिनडोक शे," मी आपल्या अहिराणीत म्हणाले.

"बिनडोक नाही, त्याला गर्दी आहे. एवढे चेहरे कोण लक्षात ठेवणार? तू ठेवतेस?"

"मी चेहऱ्याकडे बघतच नाही. बिल्ला बघते."

तू मांडीवर थाप मारलीस. "हेच! हेच तर करायचं असतं!" आणि मग तू मला सगळं सांगितलंस. बाई पहिल्यांदा आली की सर्व्हर तिला एक नंबर देतो. तो नंबर तिचा फोन चिठ्ठीसारखा जपून ठेवतो आणि प्रत्येक वेळी आपोआप दाखवतो. इकडे सर्व्हरकडे त्याच नंबराचा एक खण असतो, त्यात तिचं नाव, तिचा हिशोब. जसा माझा एक बिल्ला गाडीच्या हँडलला आणि जोडीचा माणसाच्या हातात. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात हे कळल्यावर मी विचारलं, नंबराच्या चिठ्ठीला बिस्कीट कशाला म्हणतात? तू म्हणालीस, "साहेब लोकांना भूक लागली असेल."

माझे बिल्ले एक ते दोनशे. तू म्हणालीस, असे ओळीने चालत नाहीत, सत्तेचाळीस नंबरचा माणूस अठ्ठेचाळीस सांगून बघेल. म्हणून तुझे नंबर हातभर लांब, कोणाला अंदाज लागू नये असे. बाईने पासवर्ड टाकला की जुना नंबर काढून नवा द्यायचा. आणि ती बाहेर पडली की तिच्याकडची चिठ्ठी फाडून भागत नाही, आपल्याकडचा खणही रिकामा करायचा. मी म्हणाले, हे तर मी रोज करते, गाडी गेली की दोन्ही बिल्ले एका खिळ्याला. तेव्हा तू पहिल्यांदा म्हणालीस, "मनी वहिनी बठ्ठास्मा हुशार शे." बठ्ठास्मा, म्हणजे सगळ्यांत; मला ते खूप आवडलं होतं. पुढे तेच वाक्य मला सहन होईना.

बोदवडकडच्या त्या महिला मंडळाचं काम तुला मिळालं तेव्हा घरात किती आनंद. उडदाचे पापड करणाऱ्या बाया. प्रत्येकीच्या विकलेल्या पापडांचे पैसे वेबसाइटवर तिच्या नावाने जमा दिसणार, आणि त्यातूनच तिने पीठ, पापडखार मागवायचं, टेम्पो घरपोच आणणार. मंडळाच्या अध्यक्ष अक्का फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायच्या की तू फोन कानापासून वीतभर लांब धरायचीस.

आपलं पहिलं भांडण त्याच कामावरून झालं. तू ठरवलं होतंस की बाईने अर्धा तास काही केलं नाही तर तिचा नंबर मरेल. मी म्हणाले, "ती उन्हात पापड उलटायला गेली तर? परत येऊन बघते तर बाहेर काढलेली. पुन्हा पासवर्ड. तिला तो आठवतो का? पोरगा शाळेतून आल्याशिवाय तिला काही करता येणार नाही."

"वहिनी, बिल्ला जास्त वेळ बाहेर राहिला की धोका असतो."

"माणसाला काम असतं."

तू दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीस, आणि मग अर्ध्या तासाचा पूर्ण दिवस केलास, नंबर दिल्यापासून मोजून, मध्ये ती काही करो न करो. "घे, तुझ्या पापडवालीसाठी," असं म्हणालीस. त्यात कोण बरोबर, हे आपण कधी ठरवलं नाही. आता ठरवायला तू नाहीस, आणि मी एकटीने ठरवलं तर माझ्या विरुद्धच जाईल.

दुसरी गोष्ट मीच सुचवली. काही बायांच्या फोनवर वेबसाइट उघडायची, पासवर्ड घ्यायची आणि पुढच्या पानावर पुन्हा पासवर्ड मागायची. तू डोकं धरून बसलीस. गावातला मोबाइलवाला "फोन हलका करून देतो" म्हणत त्या बायांच्या फोनमधलं काय काय बंद करून ठेवायचा. त्यामुळे फोन तुझी चिठ्ठी ठेवतच नव्हते. अक्कांचा रोज फोन. मी मेथी निवडत होते. माझ्या तोंडून निघालं, "मग कपाळावर लिही ना नंबर. बिल्ला हरवतात अशा म्हाताऱ्यांच्या मी हातावर पेनने लिहून देते. हात काही हरवत नाही."

तू हसलीस. मग हसणं थांबवून स्क्रीनकडे बघत राहिलीस. वेबसाइटचा वर जो पत्ता दिसतो, त्याच पत्त्याच्या शेपटाला तू तो नंबर जोडलास. चिठ्ठी ठेवायची गरजच नाही, नंबर पत्त्याबरोबरच फिरणार. सगळे फोन चालायला लागले. तू म्हणालीस, "हे वाईट काम आहे. दोन दिवसांपुरतं. नीट काहीतरी करते." मग तुला ताप आला, दवाखाना झाला, दोन दिवसांचे दोन महिने झाले, आणि ते राहून गेलं.

त्या सोमवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझा भाग त्यात कुठे आहे ते तुला माहीत नाही.

मंडळाने नुकतंच सांगितलं होतं की ज्या बायांकडे शिल्लक नाही त्यांनाही पिठासाठी उचल मिळेल. त्या पापडवाल्या बायांमधल्या कमलबाई त्यांच्या गटात सगळ्यात आधी आत गेल्या. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वरचा पत्ता उचलून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला आणि बोलून पाठवलं, "बायांनो, माह्यं उघडलं, तुम्ही याच्यावरच दाबा." पत्त्यात त्यांचा नंबर होता. ज्या नऊ बायांनी दाबलं, त्या सगळ्या सर्व्हरला कमलबाई वाटल्या. वर "नमस्कार, कमलबाई" लिहिलेलं त्यांना दिसलंही. त्यांना वाटलं, कमलबाईंनी धाडलं म्हणून त्यांचं नाव. खाली शिल्लक दिसली, ती मंडळाची उचल असेल. नऊ जणींनी पीठ मागवलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, पीठ कुटलं गेलं, पापड वाळत पडले. कोणीही चोरी केली नाही.

बुधवारी कमलबाई पैसे काढायला गेल्या. एकतीस हजार होते, दोन हंगामांचे, त्यांच्या पोरीच्या, जयश्रीच्या नर्सिंगच्या फीचे. साडेतीनशे उरले होते.

अक्कांचा फोन आला. तू रेकॉर्ड उघडून बघितलंस आणि म्हणालीस, "सगळ्या ऑर्डर कमलबाईंच्याच नावाने आहेत, अक्का. प्रोग्रामात चूक नाही." अक्का म्हणाल्या, "मंग झालं. तिनंच बायांले माल देला, रोख पैसे घेतले, अन् आता मंडळाकडे मांगून राह्यली. संगणक कायले खोटं बोलीन?"

दुपारी कमलबाईंचा फोन आला. तू स्पीकरवर ठेवला होतास. त्या रडत नव्हत्या, फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "ताई, म्या काहीच नाही केलं. म्या फक्त ते गटावर धाडलं. तुमी उघडून पाहा ना." तू म्हणालीस, "कमलबाई, लिंक सगळेच पाठवतात, त्याने काही होत नाही." थकलेली होतीस. आपल्या कामाचा अभिमानही होता. मी तुला त्यासाठी दोष देत नाही.

पण शैला, मला त्या क्षणी कळलं. माझ्या हातात लसणाची कांडी होती. मला डोळ्यासमोर दिसला तो म्हातारा, हातावर पेनने लिहिलेला नंबर, आणि तो हात सगळ्या गावाला दाखवत चाललेला. नंबर ज्याने वाचला त्याची गाडी. मला कळलं, आणि मी लसूण सोलत राहिले.

गप्प का बसले? मी चौथी शिकलेली, तू इंजिनियर, तुला काय सांगणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं हे की कपाळावर लिही असं मीच म्हटलं होतं. बोलले असते तर माझं नाव निघालं असतं. अक्का त्या मोठ्या आवाजात विचारतील, कोणी सांगितलं होतं असं करायला? आणि सगळे माझ्याकडे बघतील. लोक माझ्याकडे बघतील, या एका भीतीने मी एका बाईला चोर ठरू दिलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी फीची शेवटची तारीख गेली. रविवारी तू म्हणालीस, "कमलबाईंच्या घरासमोर बाया जमून बोलल्या म्हणे." मी भाकरी थापत होते. सोमवारी मंडळाने ठरवलं की कमलबाईंना काढून टाकायचं, आणि तू ते मला जेवताना सांगितलंस. तेव्हा मी हातातला घास खाली ठेवला. मी म्हणाले, "शैला, तो नंबर अजून पत्त्यातच शे का?"

तू उष्ट्या हाताने लॅपटॉप उघडलास. पत्ता वाचलास. मग गटावरचा तो निरोप मागवून घेतलास आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितलेस. तुझे ओठ पांढरे झाले होते, मला वाटलं छातीत दुखतंय. एक ओळ होती. तू ती एक ओळ बदललीस, नंबर फक्त चिठ्ठीतच राहील अशी. चिठ्ठी न ठेवणाऱ्या फोनचं तू नंतर मोबाइलवाल्याला समजावलंस, तेही एका फोनवर झालं.

मग तू माझ्याकडे वळून विचारलंस, "वहिनी, तुला कधी सुचलं हे?"

मी म्हणाले, "आत्ताच."

हे सांगायचं होतं, शैला. आत्ताच नाही. बुधवारी. पाच दिवस आधी.

तू सगळ्यांना सांगत सुटलीस. अक्कांना, तुझ्या भावांना, कामाच्या दुसऱ्या लोकांना. "चूक मी केली, पकडली माझ्या वहिनीने. बठ्ठास्मा हुशार शे." मी तुला एकदा म्हणाले, कपाळाचं मीच बोलले होते ना, मग माझी चूक. तू रागावलीस. "तू स्टँडवर बसतेस, मी इंजिनियर आहे. ऐकायचं की नाही हे मी ठरवायचं होतं. पुन्हा म्हणू नको." तू तो दरवाजा इतक्या मायेने बंद केलास की बुधवारचं मला त्यातून आत आणताच आलं नाही.

मंडळाने कमलबाईंची माफी मागितली. नऊ जणींपैकी ज्यांच्याकडे होतं त्यांनी दिलं, बाकीच्या म्हणाल्या, आम्ही मागितलं तेव्हा मशीनने दिलं, आमची काय चूक? खरंच काय चूक? तू लिहून दिलंस की उरलेलं मी भरेन. अक्का नको म्हणाल्या नाहीत. तू औषधातून वाचवून थोडं थोडं पाठवत राहिलीस. तुझे भाऊ ओरडले, "तुझी गोळी आधी, बाकी नंतर." तू म्हणालीस, गोळीला उशीर चालतो. चालत नव्हता, शैला. तोही मी बघत होते.

आणि जयश्री. तिचं ते वर्ष गेलं. घरी बसलेली पोरगी बघून नातेवाइकांनी स्थळ आणलं, आणि उन्हाळ्यात तिचं लग्न मलकापूरकडे झालं. पत्रिका आली तेव्हा तू ती उताणी करून ठेवलीस. आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. आपल्यात न बोललेलं जे आहे, त्यात हे सगळ्यात जड.

तुला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या भावांनी मला आधार कार्डाची फाइल शोधायला तुझ्या खोलीत पाठवलं. लॅपटॉप उघडला. मंडळाचं पान तसंच उघडं होतं. वर लिहिलेलं, "नमस्कार, शैलाताई." बाहेर अंगणात बाया बसल्या होत्या. मी एका जागी दाबलं, तर पुढचं पान आलं, तिथेही नमस्कार. त्याला काय माहीत. त्याच्या खणात तू होतीस, कारण मी तुझ्याकडून पूर्ण दिवस मागून घेतला होता. मी दुपारी पुन्हा गेले, बघायला. तेव्हा त्याने नाव आणि पासवर्ड मागितला. मी झाकण लावलं.

तुझ्या वहीच्या मधल्या पानावर तू कमलबाईंचा हिशोब लिहिला होतास. नऊ हजार राहिले होते. या महिन्यात भिशीत माझा नंबर लागला. तुझे भाऊ म्हणाले, मी देऊन येतो. मी म्हणाले, नाही, मी जाते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी मुंबईला निघाले. मी एकटी कधी जळगावच्या पुढे गेले नव्हते.

धुळ्याहून बस, जळगावहून गाडी, बोदवड स्टेशनवरून रिक्षा. रिक्षावाल्याला कमलबाई पापडवाली म्हटलं तर म्हणाला, "कोन्ती, ते पैशाच्या भानगडीवाली का?" माफी मागून दोन वर्षं झाली आणि अजून ती ओळख आहे.

कमलबाई ओट्यावर खाटेवर पापड पसरत होत्या. तुझं कळलं होतं त्यांना. "बस बाई," म्हणाल्या. "ताई चांगल्या होत्या. चूक केली पन तोंड नाही लपवलं." पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन घेतलं, कारण नंतर कदाचित मिळणार नव्हतं. मग मी बोलले. पाठ करून गेले होते, तरी सगळं उलटसुलट झालं. कपाळावर लिही म्हणाले ती मी. तुम्ही फोन केला तेव्हाच कळलं ती मी. पाच दिवस गप्प बसले ती मी.

त्यांनी हातातला पापड खाटेवर ठेवला.

"बुधवारी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शनिवारी मी जयश्रीले घेऊन कॉलेजात गेलती. हातापाया पडली त्या क्लार्कच्या. तवा तुले माहीत होतं?"

"हो."

"अन् रविवारी बाया माह्या दारात उभ्या होत्या."

"हो, कमलबाई."

मी खाली बघत होते, नेहमीसारखी. मग तुझी आठवण आली, तुला मी म्हणाले होते, मी चेहऱ्याकडे बघतच नाही. मी वर बघितलं. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. उन्हाने रापलेला, डाव्या भुवईवर जुनी खोक. राग नव्हता त्यात. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जसं कोणी रिकाम्या डब्यात बघतं, काही उरलं आहे का म्हणून.

एक पापड वाऱ्याने उलटला, तो त्यांनी सरळ केला. मग म्हणाल्या, "ताईले सांगितलं व्हतं का हे?"

"नाही."

"मंग मले काहून सांगितलं?"

मी पदराची गाठ सोडून पैसे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोनदा मोजले. घरात जाऊन पेन आणला. मी तुझी वही उघडून धरली, आणि तुझ्या आकड्यांच्या खाली त्यांनी हळूहळू लिहिलं, मिळाले, आणि सही केली. चहा विचारला नाही. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत, खाटेवरचे पापड उलटायला लागल्या होत्या.

शैला, कमलबाईंचे पैसे फिटले. बठ्ठे.